‘किंवा तत्सम’ : मुक्कामाच्या आगाऊ पैशांची कथा

स्मरणिकेसाठी यंदा काहीतरी ऐतिहासिक लिहून द्या, असे संपादक-मंडळाने सांगितले तेव्हा त्यांच्या मनात शिवकाल नाहीतर पेशवाई असावी. मी मात्र निराळाच इतिहास निवडला आहे. मंडळाच्या वार्षिक सहलीची व्यवस्था गेली बरीच वर्षे माझ्याकडे आहे, आणि या काळात सहल कंपन्यांची जितकी माहितीपत्रके मी वाचली तितकी पोथीची पानेही वाचली नसतील. घरातून निघण्यापूर्वीच मुक्कामाचे पैसे द्यावयाचे, ते द्यावयाचे एकाला आणि पाठ टेकावयाची दुसऱ्याच्या जागेत, हा प्रकार मुळात सुरू कोठे झाला? त्यातून होणाऱ्या फसगतीवर लोकांनी कोणता उपाय केला? याचा शोध घेता घेता जी हकिकत हाती लागली ती भगिनींना सांगावी असे वाटले.

आपल्या आज्या-पणज्या काशी-गयेस, त्र्यंबकेश्वरास किंवा पंढरीस जात तेव्हा उतरण्याची सोय म्हणजे तीर्थोपाध्यायाचे घर. वळकटी आणि फिरकीचा तांब्या घेऊन गाडीतून उतरावे, आडनाव आणि गाव सांगावे, की उपाध्याय वही काढून आपल्या खापरपणज्याचे नाव वाचून दाखवीत. दक्षिणेवरून कुरबुरी होत नसत असे नाही. चांगल्या खडाजंगी होत. परंतु ते नाते एका फेरीचे नव्हते. आज यजमानाची आबाळ केली तर उद्या त्याचा मुलगा दुसऱ्याच्या ओसरीवर उतरेल, हे उपाध्यायांना पक्के ठाऊक असे. माझ्या मते त्या व्यवहाराचा खरा जामीन हाच होता.

जेथे गर्दी अफाट आणि ओळख थोडी, तेथे हा जामीन उरत नसे. सर विल्यम हंटर यांच्या ‘ओरिसा’ या १८७२ सालच्या ग्रंथात जगन्नाथपुरीच्या यात्रेचे वर्णन आहे. पुरीचे पंडे आपली माणसे बंगालच्या खेड्यापाड्यांतून यात्रेकरू गोळा करण्यास पाठवीत. पुरुषमंडळी शेतावर गेल्यावर हा माणूस घरोघर जाऊन बायकांशी बोले, आणि यात्रेला निघणाऱ्या जथ्यांत बायकाच फार जास्त असत, असे हंटरसाहेब नमूद करतात. (सहलीचे माहितीपत्रक घरात आधी कोणाच्या हाती पडते याचा विचार केला तर फारसे काही बदललेले नाही.) पुरीस पोहोचल्यावर राहण्याची जागा कशी असे? सुमारे १३ फूट लांब आणि १० फूट रुंद अशा एका खोलीत ८० माणसे रात्र काढतात असे पाहणाऱ्या अधिकाऱ्याला सांगण्यात आले. खोलीला दार एकच. पटकीच्या साथी अशा घरांतून उठत. अखेर याच सुमारास बंगाल सरकारने कायदा करून पुरीच्या यात्रेकरू-घरांना परवाना सक्तीचा केला. मुक्कामाच्या जागेविषयी पाहुण्याची बाजू घेऊन सरकार मध्ये पडले ते असे, माणसे मरू लागल्यावर.

आता विलायतेकडे वळू. कारण आज आपण ज्याला ‘पॅकेज’ म्हणतो त्याचा जन्म तिकडचा.

टॉमस कुक हा सुतारकाम शिकलेला, धर्मनिष्ठ आणि दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता. ५ जुलै १८४१ रोजी त्याने दारूबंदीच्या सभेसाठी लेस्टरहून लफबरोपर्यंत खास आगगाडी ठरविली. अंतर ११ मैल, माणसे सुमारे ५००, आणि भाडे एक शिलिंग. पुढे १८५१ साली लंडनच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनाला त्याने दीड लाखाहून अधिक माणसे नेली. १८५५ मध्ये पॅरिसला, १८६३ मध्ये स्वित्झर्लंडला. त्या स्विस सहलीत जेमायमा मॉरेल नावाची यॉर्कशायरची एक कुमारिका होती. घेरदार झगा सावरीत, खिंडी चढत-उतरत तिने रोजनिशी लिहिली. ती रोजनिशी हरवली होती, ती दुसऱ्या महायुद्धानंतर सापडली आणि सहलीनंतर बरोबर शंभर वर्षांनी छापली गेली. कुकच्या पत्नी मेरियन यांचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. १८५३ पासून लेस्टरमध्ये या कुटुंबाचे मद्यवर्ज्य हॉटेल होते, ते मेरियनबाई चालवीत. पाहुण्याला स्वच्छ अंथरूण आणि गरम जेवण देणे म्हणजे काय हे त्या घराला आधीपासून माहीत होते, आणि नवऱ्याच्या धंद्याला त्याचा उपयोग झाला असलाच पाहिजे.

सुरुवातीच्या सहलींत कुक स्वतः मंडळींबरोबर जाई. खोली ओलसर असली तर तोही त्याच ओलसर हॉटेलात निजत असे. मला वाटते, पुढल्या सगळ्या इतिहासाची किल्ली या एका गोष्टीत आहे.

१८६८ च्या सुमारास त्याने हॉटेलांची कूपने काढली. प्रवाशाने लंडनमध्ये पैसे भरून कूपनांचे पुस्तक घ्यावयाचे. परगावच्या हॉटेलात निजण्याचे एक कूपन, न्याहारीचे एक, रात्रीच्या जेवणाचे एक असे फाडून द्यावयाचे. हॉटेलवाला ती कुककडे पाठवून पैसे घेई. परक्या मुलुखात परके चलन मोजण्याची कटकट संपली, घासाघीस संपली, एकट्या बाईलाही बिनघोर फिरता येऊ लागले. सोय मोठीच होती, त्यात वाद नाही. पण त्याच दिवशी पैसे घेणारा आणि अंथरूण घालणारा ही दोन माणसे झाली, आणि त्यांच्यामध्ये प्रवासी अडकला. एक म्हणतो, “हॉटेलवाल्याला विचारा”; दुसरा म्हणतो, “तुमचे पैसे मला अजून पोहोचलेच नाहीत.”

मुंबईस या कंपनीची कचेरी १८८१ साली उघडली. हजच्या यात्रेकरूंची दलाल आणि बोटवाले यांच्या हातून फार परवड होई. म्हणून १८८६ साली हिंदुस्थान सरकारने त्या प्रवासाची व्यवस्था कुक कंपनीकडे दिली. काही वर्षांतच ती व्यवस्था बंद पडली. यात्रेकरू आणि त्याचे पैसे यांच्यामध्ये उभे राहणाऱ्यांची रांग नुसत्या विलायती नावाने हटत नाही, एवढे त्यावरून दिसले.

मधला काळ सोडून १९५० सालावर येते. व्लादिमीर रेट्झ नावाच्या लंडनच्या तरुणाने ‘होरायझन’ कंपनी काढून कॉर्सिका बेटावरील काल्व्ही येथे विमानाने सहल नेली. विमानभाडे, राहणे, जेवण सर्व मिळून ३२ पौंड १० शिलिंग. परवान्याची अट अशी की शिक्षक आणि विद्यार्थी यांनाच न्यावे. राहावयाचे लष्कराच्या जुन्या तंबूंत. आकर्षण कोणते, तर दोन वेळ पोटभर मांस. विलायतेत तेव्हा रेशन चालू होते. मला या सहलीचे कौतुक वाटते ते निराळ्या कारणासाठी. तंबूत उतरवणार असे सांगितले होते आणि तंबूतच उतरवले.

पुढच्या वीस वर्षांत मात्र रेट्झचे अनुकरण करणाऱ्या कंपन्यांचे पीक आले. स्पेनचे बेनिदोर्म हे कोळ्यांचे गाव, तेथे बघता बघता गगनचुंबी हॉटेले उभी राहिली. ती कोणाच्या पैशावर? पुष्कळदा सहल कंपन्यांनी हॉटेलवाल्यांना दिलेल्या आगाऊ रकमांवर. म्हणजे हॉटेलचा पाया खणला जात असतानाच त्यातील खोल्या लंडनमध्ये विकलेल्या असत. माहितीपत्रकात छायाचित्र कोठून येणार? मग चित्रकाराकडून रंगीत चित्र काढून घेत, त्यात निळा समुद्र, पोहण्याचा तलाव, ताडाची झाडे. प्रवासी पोहोचत तेव्हा तलावाच्या जागी खड्डा आणि उशाशी सिमेंट कालवण्याचे यंत्र. हा अनुभव इतका घरोघरचा झाला की १९७२ साली ‘कॅरी ऑन ॲब्रॉड’ हा अपुऱ्या बांधलेल्या हॉटेलावरचा विनोदी चित्रपटच निघाला.

दुसरा प्रकार याहून वाईट. तो आपल्याकडेही चालतो. हॉटेलवाल्याला माहीत असते की चार कंपन्यांनी खोल्या राखल्या तरी त्या सगळ्या भरत नाहीत. म्हणून शंभर खोल्यांवर तो एकशेवीसांचा होकार देतो. बहुतेक आठवडे निभावून जाते. ज्या आठवड्यात सगळे येतात त्या आठवड्यात शेवटच्या गाडीने आलेल्यांना “जवळच दुसरी सोय केली आहे” असे ऐकावे लागते.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तो खटला सांगते. कायद्याच्या पुस्तकांत तो ‘जार्व्हिस विरुद्ध स्वान्स टूर्स’ या नावाने प्रसिद्ध आहे. फिर्यादी एक पगारदार वकील. वर्षातून दोन आठवड्यांची रजा. १९६९ च्या नाताळात त्याने स्वित्झर्लंडमधील मोर्लिआल्प येथील १५ दिवसांची सहल ठरविली. किंमत, नव्या दशमान हिशेबाने, ६३ पौंड ४५ पेन्स. माहितीपत्रकात म्हटले होते की तेथे घरगुती मेळावा असेल, यजमान इंग्रजी बोलणारा असेल, स्वागताची मेजवानी, दुपारच्या चहाबरोबर केक, मेणबत्त्यांच्या उजेडात जेवण, आणि एका संध्याकाळी आल्प्स पर्वतातील खास गायन.

पहिल्या आठवड्यात पाहुणे होते तेरा. दुसऱ्या आठवड्यात होता तो एकटाच. हॉटेलात इंग्रजी कोणालाच येत नव्हते, म्हणून आठवडाभर बोलायलाही माणूस नाही. केक म्हणजे बटाट्याचे काप आणि सुक्या मेव्याचे कोरडे तुकडे. बर्फावर घसरण्याच्या फळ्या बहुतेक दिवस आखूड, मुलांच्या मापाच्या. गायनाची संध्याकाळ आली ती अशी : गावातला एक माणूस कामावरच्याच कपड्यांत आला, चार-पाच गाणी भराभर म्हणून निघून गेला.

खालच्या कोर्टाने हिशेब केला, की दिलेल्या किमतीच्या निम्म्या मोलाचे तरी त्याला मिळाले. म्हणून ३१ पौंड ७२ पेन्स परत करावे. प्रश्न उरला तो मनस्तापाचा. करार मोडला तर पैशाचे नुकसान भरून द्यावे, हिरमोड झाला त्याचे पैसे नसतात, असा तेथील जुना दंडक होता. त्याचा एक नमुना १८७५ सालचा आहे. एक गृहस्थ बायको आणि दोन मुलांसह रात्रीच्या गाडीने निघाले. गाडीने त्यांना भलत्याच स्टेशनावर सोडले. वाहन नाही, खानावळीत जागा नाही. पावसाच्या भुरभुरीत चार-पाच मैल चालून मंडळी पहाटे घरी पोहोचली. बायको पडशाने आजारी पडली. ज्यूरीने पायपिटीबद्दल ८ पौंड आणि बायकोच्या आजारपणाबद्दल २० पौंड दिले. वरच्या कोर्टाने पायपिटीचे ८ पौंड ठेवले आणि आजारपणाचे २० काढून टाकले. कारण काय, तर रेल्वेने अंधारात उतरवले आणि बाईला पडसे आले यांचा संबंध फार दूरचा! न्यायमूर्तींच्या घरी त्या आठवड्यात कोणी आजारी नसावे.

जार्व्हिस खटल्यात ऑक्टोबर १९७२ मध्ये अपील कोर्टाने हा दंडक बाजूला सारला. लॉर्ड डेनिंग हे त्या कोर्टाचे प्रमुख. त्यांच्या निकालाचा मथितार्थ असा, की ज्या करारात माणूस आनंद आणि विसावा हीच वस्तू विकत घेतो, त्या करारात ती वस्तू न मिळणे हेच नुकसान होय. वर्षातून एकदाच रजा मिळणाऱ्याची रजा फुकट गेली तर त्याची भरपाई पैशांत करता येते. कोर्टाने १२५ पौंड दिले, म्हणजे सहलीच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट. त्यानंतर थोड्याच काळात त्याच कोर्टापुढे एका बापाची तक्रार आली. त्या वेळच्या सिलोनमध्ये त्याने ठरविलेले हॉटेल तयारच झाले नव्हते, दुसरीकडे उतरवले तेथे मुलांच्या खोलीत बुरशी. कोर्टाने १,१०० पौंड मंजूर केले आणि त्यात बायको-मुलांचा हिरमोडही धरला. कंपनी कोणती? तंबूंपासून सुरुवात करणारी रेट्झचीच होरायझन.

हे वाचताना मला आपलीच एक सहल आठवल्यावाचून राहिली नाही. कोकणातली. मंडळाच्या जुन्या सभासदांना स्मरत असेल. कंपनीचे नाव लिहीत नाही. समुद्राला लागून हॉटेल, वयस्करांना तळमजल्यावर खोल्या, असे तोंडी आणि छापील दोन्ही ठरले होते. आम्ही सव्वीस जणी. प्रत्यक्षात उतरवले ते समुद्रापासून चौदा किलोमीटरवर हमरस्त्यालगत, खोल्या तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टच्या जागी बांबूंची परात. बरोबरचा मुलगा बिचारा कळवळून फोनवर फोन करीत होता. त्याच्या मालकाने मला ऐकविले, “काकू, पावती वाचा. हॉटेलच्या नावापुढे ‘किंवा तत्सम’ असे छापलेले आहे.”

आमच्यात सत्याहत्तर वर्षांच्या एक आजी होत्या. जन्म विदर्भातला, समुद्र कधी पाहिलेला नाही. सकाळी उठून ओट्यावर बसून समुद्र पाहायचा, एवढ्यासाठी त्यांनी वर्षभर पैसे बाजूला टाकले होते. त्यांना समुद्र दिसला तो दुसऱ्या दिवशी भर दुपारी, चाळीस मिनिटे, बसवाला भोंगा वाजवीपर्यंत. आम्ही पत्रे लिहिली. चार महिन्यांनी माणशी तीनशे रुपये परत आले, आणि प्रत्येकीला कोकम सरबताची एक बाटली. आजी त्यानंतर सहलीला आल्या नाहीत. गुडघ्यांनी नाही म्हटले. तीनशे रुपये हा तेरा-चौदा किलोमीटरांचा हिशेब झाला. चाळीस मिनिटांचा कोणी केला नाही.

असो. विलायतेतली गोष्ट निकालाने संपत नाही. खोली वाईट मिळणे निराळे आणि कंपनीच बुडणे निराळे. १५ ऑगस्ट १९७४ रोजी ‘कोर्ट लाइन’ हा सहलींचा मोठा उद्योग बुडाला. त्यात होरायझनही गेली. ऐन सुट्टीच्या हंगामात सुमारे पन्नास हजार माणसे परदेशी अडकली, आणि ज्यांनी पुढील सहलींचे पैसे भरले होते त्यांच्या हाती नुसत्या पावत्या राहिल्या. पुढच्याच वर्षी पार्लमेंटने प्रवाशांसाठी राखीव निधीचा कायदा केला. १९९० मध्ये युरोपच्या राष्ट्रसमूहाने सर्व सभासद देशांसाठी नियम घालून दिला, की ज्याने सहल विकली तोच हॉटेल, वाहन, जेवण सगळ्यांबद्दल जबाबदार. ‘हॉटेलवाल्याला विचारा’ हे उत्तर चालणार नाही. शिवाय कंपनी बुडाल्यास पैसे परत करण्याची आणि माणसे घरी आणण्याची तजवीज आधीच केलेली असली पाहिजे.

या तजविजीची मोठी परीक्षा झाली २३ सप्टेंबर २०१९ रोजी. १७८ वर्षांची टॉमस कुक कंपनी त्या दिवशी बंद पडली. दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. सरकारने विमाने भाड्याने घेऊन त्यांना आणले. (आपल्याकडील त्याच नावाची कंपनी २०१२ पासून वेगळ्या मालकीची असल्याने ती बुडाली नाही.) त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत ट्युनिशियातील एका हॉटेलात काय घडले ते वर्तमानपत्रांत आले होते. कुककडून येणे बाकी होते म्हणून हॉटेलवाल्याने फाटकाला कुलूप घातले आणि पाहुण्यांकडे पुन्हा पैसे मागितले. ज्यांनी आपले पैसे कधीच चुकते केले होते त्यांच्याकडे! १८६८ च्या कूपनात जी फट होती ती दीडशे वर्षांनी तशीच उघडी सापडली.

आपल्याकडे ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली झाला आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यातील तीन गोष्टी सहलीला जाणाऱ्या प्रत्येकीने ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. कंपनीची कचेरी कोठेही असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. पूर्वी कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत, आणि बायका तेथेच हात टेकीत. तक्रारीला मुदत दोन वर्षांची आहे. आणि एकतर्फी, ग्राहकाला बांधून टाकणारा करार ‘अन्याय्य करार’ म्हणून कायद्याने ओळखला आहे. मानसिक त्रासाबद्दल भरपाई मागणे आता आपल्याकडेही नवलाचे राहिलेले नाही. मात्र कागद लागतो. माहितीपत्रक, पावती, आणि शक्य तर मिळालेल्या खोलीचे छायाचित्र. जार्व्हिस जिंकला त्याचे एक कारण त्याने माहितीपत्रक जपून ठेवले, हे विसरता येत नाही.

यंदाची सहल मार्गशीर्षात न्यावयाची आहे. आमच्या खजिनदारबाईंनी या खेपेस कंपन्यांचे छापील करार मागवून घेतले, प्रत्येकातील ‘किंवा तत्सम’ या शब्दांवर लाल शाईची रेघ ओढली आणि समासात लिहिले : हॉटेल बदलावयाचे झाल्यास आठ दिवस आधी लेखी कळवावे, मंडळाला न पटल्यास संपूर्ण रक्कम परत द्यावी. असे कागद चार कंपन्यांकडे गेले. दोघांचे उत्तर नाही. तिसऱ्याने ‘आमच्या पद्धतीत बसत नाही’ असे कळविले. चौथ्याने सही करून कागद परत पाठविला, पण त्याचा दर माणशी सहाशे रुपयांनी जास्त आहे. त्यावर येत्या सभेत मते घ्यावयाची आहेत. सर्व सभासद भगिनींनी उपस्थित राहावे.